उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आज बहुतांशी निवडणुकीपुरता उरला आहे. भिंतीवर ज्याचे चित्र लागते तो उमेदवार, अशी तुमची समजूत असेल तर तुम्हांला दोष देता येणार नाही. परंतु माझ्या आजोबांच्या पिढीत या शब्दाला दुसराच अर्थ होता. एखाद्या कचेरीत, पेढीवर अथवा कारखान्यात, पगाराची फारशी अपेक्षा न धरता, जाणत्या माणसाच्या हाताखाली काम शिकत राहणारा तो उमेदवार. ‘मुलगा सध्या उमेदवारी करतो आहे,’ असे वडील मोठ्या समाधानाने सांगत. फारसीतून आपल्याकडे आलेल्या ‘उमेद’ या शब्दाचा अर्थ आशा. ज्याच्या हाती अजून काही नाही, पण उद्या येईल अशी आशा आहे, तो उमेदवार. मला हा शब्द फार आवडतो.

आमचे कारधा हे गाव वैनगंगेच्या काठी, भंडारा शहराच्या अगदी समोर वसलेले आहे. मधे नदी आणि नदीवर पूल. भंडारा हे पितळी भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध. माझ्या बालपणी बाजाराच्या दिवशी पूल ओलांडून पलीकडे गेले, की एका गल्लीतून ठोक्यांचा आवाज येऊ लागे. तेथे माझ्याच वयाची मुले कामाला बसलेली दिसत. कोणी भट्टीचा भाता ओढी, कोणी तयार भांडे चिंच लावून लखलखीत करी. त्यांना कोणी व्याख्यान देत नसे. म्हातारा कारागीर एक ठोका मारी, भांडे कानाशी नेऊन ऐके आणि पुन्हा ठोका मारी. मुले नुसती पाहत असत. अशी वर्षे जात आणि मग एखाद्या दिवशी त्यांपैकी एकाच्या हाती हातोडी येई. तोवर भांडे नीट घडले की नाही, हे त्याच्या कानालाही कळू लागलेले असे.

विज्ञान असे शिकता येते काय? पुढे मी शिक्षक झालो, आणि हा प्रश्न माझ्या मनात वारंवार येऊ लागला. शाळेतील प्रयोगाची एक गंमत असते. त्याचे उत्तर प्रयोगाआधीच पुस्तकात छापलेले असते. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, हे मुलांना पाठ असते. मग तापमापकाने 99 दाखवले, तरी वहीत 100 लिहिले जाते. वास्तविक आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 245 मीटर उंचीवर आहे. जसजसे उंच जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी थोडे लवकर उकळते. म्हणजे कारध्याचे पाणी 100 च्या किंचित अलीकडेच उकळावयास हवे! जो मुलगा 99 लिहील तोच खरा. परंतु त्याच्या वहीवर लाल शाईची फुली येण्याचा संभव अधिक. ज्याचे उत्तर कोणालाच आधी माहीत नाही असा प्रश्न, शाळेची सर्व वर्षे उलटली तरी, मुलाच्या वाट्याला बहुधा येत नाही. संशोधनाची सुरुवात मात्र अशाच प्रश्नापासून होते.

लंडनचा मायकेल फॅरडे हा एका लोहाराचा मुलगा. वयाच्या चौदाव्या वर्षी तो पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारीस राहिला, आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचू लागला. 1812 साली त्याला हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकावयास मिळाली. त्यांची टिपणे त्याने सुवाच्य अक्षरांत लिहिली, स्वतःच्या हातांनी बांधली आणि डेव्हीकडे पाठवून दिली. 1813 साली डेव्हीने त्याला आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले. फॅरडे कोणत्याही महाविद्यालयात गेला नव्हता. डेव्ही बाटली कशी धरतो, काय टिपून ठेवतो, प्रयोग फसला म्हणजे काय करतो, हे शेजारी उभे राहून पाहणे हेच त्याचे महाविद्यालय. पुढे 1831 साली त्याने चुंबकाच्या साहाय्याने विद्युत्प्रवाह निर्माण करून दाखवला. आज आपल्या घरांत येणारी बहुतेक वीज त्याच तत्त्वावर तयार होते.

आपल्या देशातही शाळकरी मुलांना अशी उमेदवारी मिळावी, असे काही जाणत्यांना वाटत आले आहे. 1963 साली विज्ञानातील गुणी विद्यार्थी शोधण्यासाठी एक राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. तीत लेखी उत्तरांबरोबर स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवालही द्यावा लागे. निवडलेल्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग भरत. 1993 पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्याच परिसरातील एखादा प्रश्न घ्यावा आणि त्याचा गटाने अभ्यास करावा, ही तिची कल्पना. आपले काम तेथे आपल्या भाषेतून मांडता येई, ही मला तिच्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

त्याच 1993 साली पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेनेही शाळेतील मुलांसाठी उन्हाळी उपक्रम सुरू केला. ही संस्था तारे, आकाशगंगा आणि विश्वाची रचना यांचा अभ्यास करते. डॉ. जयंत नारळीकर हे तिचे संस्थापक संचालक. 2025 च्या मे महिन्यात ते आपल्यातून गेले. मुले त्यांच्याकडे सही मागावयास येत, तेव्हा ते एक अट घालीत. सही हवी असेल तर पोस्टकार्डावर विज्ञानातील एखादा प्रश्न विचारा. उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेलच! या उन्हाळी उपक्रमाची तऱ्हाही काहीशी अशीच होती. मे महिन्याच्या सुट्टीत मुले आठवडाभर संस्थेत येत. लहान लहान गट करून प्रत्येक गट एकेका संशोधकाच्या स्वाधीन केला जाई. ठरावीक अभ्यासक्रम नसे. विषय कोणता घ्यावा आणि काम कसे चालावे, हे मुले व मार्गदर्शक मिळून ठरवीत. ग्रंथालय खुले असे. शेवटी केलेल्या कामाचा अहवाल लिहावयाचा.

एका आठवड्यात शाळकरी मुले कोणता शोध लावणार, असे कोणी म्हणेल. कोणताच नाही. तशी अपेक्षाही नसावी. परंतु एक मोठा संशोधक आपल्या प्रश्नावर क्षणभर थांबतो आणि सरळपणे म्हणतो, ‘हे मला माहीत नाही, आपण पाहू या,’ हे तुम्ही कधी ऐकले आहे काय? ज्याने ते एकदा ऐकले, त्याला पुढे पुस्तकाचे भय उरत नाही. या आठवड्याची खरी कमाई मला तीच दिसते. अलीकडे काही पालक मुलांच्या नावाने प्रकल्प विकत आणतात आणि वर पदकही मिळवतात, असे मी ऐकतो. त्या मुलांची मला कीव येते. त्यांच्या हाती पदक पडते, पण ‘पाहू या’ म्हणणारा कोणी त्यांना भेटत नाही.

परंतु पुणे आमच्यापासून फार दूर आहे. कारध्याच्या मुलाने पुण्यास जाऊन आठवडाभर राहावयाचे, तर उतरावे कोठे आणि भाडे द्यावे कोणी? नागपूर त्या मानाने जवळ. तेथे पाणी, हवा व सांडपाणी यांचा अभ्यास करणारी ‘नीरी’ ही मोठी राष्ट्रीय संस्था 1958 सालापासून आहे, आणि शास्त्रज्ञ व शाळकरी मुले यांची गाठ घालून देणारी ‘जिज्ञासा’ ही केंद्रीय योजना 2017 साली सुरू झाली. तरीही प्रश्न केवळ अंतराचा नव्हता. उन्हाळ्याची सुट्टी ही सर्वांची सुट्टी नसते. आमच्याकडे मे महिन्यात उन्हाळी धान कापणीला येतो. ढिवरांची मुले पहाटे वडिलांबरोबर डोंग्यातून जाळी काढावयास जातात. अशा घरी ‘तीन आठवडे मुलगा संशोधन करील’ असे सांगणे म्हणजे दोन हात मागून घेणे होय. अमेरिकेत काही प्रयोगशाळा शाळकरी मुलांना उन्हाळ्यात आठ-आठ आठवडे कामाला घेतात आणि त्याबद्दल विद्यावेतनही देतात. ती प्रथा मला शहाणपणाची वाटते. विद्यावेतन ही काही चैन नव्हे. ज्याच्या घरी मुलाच्या हातांवाचून अडते, त्याच्यासाठी प्रयोगशाळेचे दार त्यानेच उघडते.

मग येथेच काही करता येईल काय? माझे एक स्नेही पाटबंधाऱ्यांच्या कामांवर आयुष्य घालवून निवृत्त झाले होते. मुले त्यांना काका म्हणत. ते म्हणाले, “तुमच्या गावासमोर एवढी मोठी प्रयोगशाळा वाहते आहे. चार मुले द्या, तीन आठवडे मी देतो.” सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा आमच्यापाशी येते तेव्हा रुंद झालेली असते. कारध्याच्या पुलाजवळ तिच्या पाण्याची पातळी मोजतात आणि पावसाळ्यात तो आकडा वर्तमानपत्रांत येतो. 2020 च्या ऑगस्टअखेरीस, मध्य प्रदेशातील धरणांतून सोडलेले पाणी आले आणि मोठा पूर चढला, तेव्हा सारा जिल्हा त्या आकड्याकडे डोळे लावून बसला होता. आकडा ही काय चीज आहे, हे आमच्या मुलांना त्या वर्षी पुरते कळले. काकांचे बोलणे झाले ते त्यानंतर काही वर्षांनी.

चार मुले ठरली. दोन मुली, दोन मुलगे, सारी आठवी-नववीतील. त्यांतील एक ढिवराचा मुलगा होता. शाळेत त्याची हजेरी जेमतेम, आणि गुणही तसेच. गुण पाहून निवड केली असती, तर त्याचे नाव कोणत्याही यादीत आले नसते. पण पहिल्याच दिवशी प्रश्न आणला तो त्यानेच. आमच्या खालच्या अंगाला पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण झाले आहे, आणि त्याच्या फुगवट्याचे पाणी आमच्या गावापर्यंत येते. पूर्वी उन्हाळ्यात जेथे वाळू उघडी पडे आणि डांगराच्या वाड्या लागत, तेथे आता पाणी उभे असते. तो म्हणाला, “काका, पाणी थांबले आहे, तरी थोडे थोडे उतरते. ते जाते कोठे?”

काकांनी मुलांकडूनच वाटा काढून घेतल्या. काही पाणी धरणातून सोडले जाते, काही शेतीसाठी व नळांसाठी उपसले जाते, काही जमिनीत मुरते आणि काही सूर्य पितो. पहिल्या तिन्हींचे मोजमाप आपल्या हातचे नव्हते. सूर्याचे मात्र होते. दिवसाला सूर्य किती पाणी पितो, हा प्रश्न ठरला.

साधने काय? एका घरून लग्नकार्यातली मोठी पितळी परात आणली. तिचा तळ सपाट, काठ उभे, आणि व्यास 60 सेंटिमीटर. त्यावरून तिचे क्षेत्रफळ सुमारे 2826 चौरस सेंटिमीटर निघाले. ती उघड्या ओट्यावर ठेवून एका खुणेपर्यंत पाणी भरले. रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी जितके कमी झाले असेल तितके मापाने घालावयाचे आणि किती मिलिलिटर घातले ते लिहावयाचे. घातलेल्या पाण्याला क्षेत्रफळाने भागले, की किती उंचीचे पाणी उडून गेले ते कळते. वेळ साडेआठची ठरली, कारण तोवर जाळी काढून झालेली असत. काका म्हणाले, नदीच्या विद्यार्थ्याने नदीच्या वेळेनेच यावे.

पहिल्या दिवशी 2300 मिलिलिटर पाणी लागले, दुसऱ्या दिवशी 2400. तिसऱ्या दिवशी एकदम 4000! मुले आनंदली, मोठा आकडा सर्वांनाच आवडतो. काका आनंदले नाहीत. ऊन तर कालच्यासारखेच होते. मग परात गळत असेल काय? मुलांनी तिच्याखाली कोरडी राख पसरली. दुसऱ्या दिवशी राख कोरडीच होती, पण पाणी पुन्हा चार लिटरांच्या घरात कमी झालेले. एका मुलीने मग दिवसभर आळीपाळीने पहारा ठेवण्याची युक्ती काढली. दुपारी बाराच्या सुमारास चोर सापडला. एक कावळा आला, परातीत उतरला आणि पंख फडफडवून त्याने यथासांग स्नान केले. पाठोपाठ दोन साळुंक्या आल्या. अर्धे पाणी ओट्यावर!

कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणून परातीवर बसवली, आणि आकडे पुन्हा ताळ्यावर आले. तेव्हा काकांनी सांगितले, की सरकारी हवामान केंद्रांवर बाष्पीभवन मोजण्यासाठी असेच एक मोठे, उथळ, गोल पात्र ठेवतात, आणि त्यावरही तारेची जाळी असते. ती कशासाठी, हे आता मुलांना सांगावे लागले नाही. “तुम्ही आधीच का सांगितले नाही?” असे एकाने विचारले. काका नुसते हसले. आधी सांगितले असते, तर आम्ही एक जाळी बसवली असती इतकेच. कावळा कोणालाच दिसला नसता, आणि राखेची युक्तीही कोणाला सुचली नसती.

ऐन उन्हाच्या दिवसांत 2800 मिलिलिटरांपर्यंत पाणी लागू लागले. म्हणजे जवळजवळ 1 सेंटिमीटर. एवढेसे ते काय, असे मुलांना वाटले. परंतु 1 हेक्टर पाण्यावरून 1 सेंटिमीटर पाणी उडाले, तर ते होते 1 लाख लिटर. हिशेब तीनदा केला, तेवढाच आला. काकांनी मग त्याला आवर घातला. परात उथळ, तिचे पितळ चहूबाजूंनी तापते. खोल पाणी तितके तापत नाही. म्हणून पात्रातील आकड्याला सुमारे 0.7 ने गुणून तलावाचा आकडा काढण्याची रीत आहे. तरीही 70 हजार लिटर उरले, आणि तेही एका हेक्टरवरून, एका दिवसात. ढिवराचा मुलगा बराच वेळ नदीकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, “हे 0.7 कोणी ठरवले? आपली नदी मोजून ठरवले का?”

काका म्हणाले, “नाही. पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ वर्षे मोजून तो ठोकळ आकडा काढला आहे. त्यातून आपली परात सरकारी मापाची नाही. आपल्या परातीला आणि आपल्या नदीला तो किती लागू पडतो, हे मला माहीत नाही.”

त्या मुलाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटले, ते पाहण्यासाठी मी आणखी वीस वर्षे शिक्षकी केली असती.

नोंदवहीचे काम एका मुलीकडे होते. तिच्या घरचा धान कापणीला आला होता. रोज साडेआठला येऊन ती माप लिही आणि धावत बांधीवर जाई. एक दिवस कापणीला माणसे कमी पडली, म्हणून तिला येता आले नाही. नेमकी त्याच दिवशी बाकीची मुलेही एका लग्नाला गेलेली. वहीत तो एक दिवस मोकळा राहिला. कोणीतरी सुचवले, आदल्या आणि नंतरच्या दिवसाची सरासरी काढून भरून टाक, तक्ता चांगला दिसेल. तिने क्षणभर विचार केला आणि त्या रकान्यात लिहिले, ‘नोंद नाही. कापणी.’ दोन दिवसांचे पाणी मिळून किती घातले, ते पुढच्या ओळीत वेगळे लिहिले. काकांनी वही पाहिली, पान उलटले आणि काहीच बोलले नाहीत. पितळ कानाशी नेणाऱ्या त्या म्हाताऱ्याची मला आठवण झाली. भांडे नीट वाजले, की तोही काही बोलत नसे.

तीन आठवडे संपत आले. अहवाल आठ पानांचा झाला, आणि त्याच्या शेवटी मुलांनी एक नवा प्रश्न लिहिला: रात्री सूर्य नसतो, मग रात्रीही पाणी उडते काय? याकरिता सूर्य मावळताना एक आणि उगवताना एक, असे माप घ्यावयाचे होते. एवढ्यात परातीच्या घरून आजीबाईंचा निरोप आला: घरी लग्न आले आहे, परात पाठवून द्या. मुलांनी आणखी दोन रात्रींची मुदत मागितली. आजीबाई स्वतःच आल्या. जाळीखालचे पाणी त्यांनी वाकून पाहिले, राख कशासाठी ते विचारले, कावळ्याची हकीकत ऐकून पोट धरून हसल्या, आणि म्हणाल्या, “दोन रात्री ठेवा. पण काय निघाले ते मला सांगावयास या.”

पहिल्या रात्री 300 मिलिलिटर पाणी कमी झाले. दुसऱ्या रात्री 450. वहीत दुसऱ्या आकड्यापुढे त्या मुलीने लिहिले आहे: ‘रात्री वारा होता. त्यामुळे?’